ग्रासकटर दुरुस्तीला कुठे टाकाल: कंपनीचं सेंटर, विकणारा दुकानदार की बाजारातला मिस्त्री?

मशीन वॉरंटीत असेल तर विचार नको, बिल घेऊन सेंटरला जा. बाहेर इंजिन खोललं की वॉरंटी बहुधा गेलीच. प्रश्न पडतो तो त्यानंतर.

होंडाच्या जीएक्स३५ सारख्या फोर-स्ट्रोक इंजिनाला सेंटरच बरं. व्हॉल्व्हचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावा लागतो आणि ऑइल जेमतेम १०० मिली असतं, थोडं कमी-जास्त झालेलंही चालत नाही. खोट एकच: ऐन बेणणीत नंबर लवकर लागत नाही. शिवाय बरीच सेंटरं सुटा भाग न देता अख्खा कार्बोरेटर बदलतात.

४३ किंवा ५२ सीसीच्या चिनी टू-स्ट्रोकला मात्र बाजारातला चांगला मिस्त्री पुरेसा. ४३ ला साधारण ४० मिमीचा पिस्टन, ५२ ला ४४ चा. ब्लॉक-पिस्टन किट सहज मिळतं. विकणाऱ्या दुकानदाराकडे पार्ट असतात, पण हात कोणाचा लागणार ते आधी विचारा. पुष्कळदा तो मशीन त्याच मिस्त्रीकडे पाठवतो आणि मध्ये आपला वाटा ठेवतो.

आता मिस्त्री ओळखायचा कसा? पिस्टन जाम झालेलं टू-स्ट्रोक मशीन त्याच्यापुढे ठेवा. जो लगेच किटची किंमत सांगतो, त्याच्याकडे टाकू नका. जाणकार आधी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनवरचे ओरखडे बघतो आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता ते विचारतो. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २०. ५०:१ चं प्रमाण त्यासाठीच बनवलेल्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइललाच चालतं. साधं ऑइल घेऊन २० मिलीच घातलं की पिस्टन धरतो. ऑइल बरोबर असेल तर संशय क्रँकच्या सीलवर किंवा कार्बोरेटरखालच्या गास्केटवर. तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन तापतं. ती गळती न शोधता घातलेला नवा पिस्टनही तसाच जातो, आणि दोष मात्र ‘डुप्लिकेट पार्ट’वर ढकलला जातो.

स्टार्टच होत नसेल तर दुकानात जाण्याआधी प्लग काढून बघा. दोरी ओढूनही प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल वर येत नाही: टाकीतला फिल्टर, नळी किंवा कार्बोरेटरमधला कडक झालेला डायाफ्राम (पातळ पडदा). ओला असून ठिणगी नाही, तर आधी प्लग बदला, मग कॉइलचं (प्लगला करंट देणाऱ्या भागाचं) बघा. एवढं सांगितलंत की उगाच इंजिन खोलायचं निमित्त उरत नाही.

अंदाज आधी लिहून घ्या, जुने पार्ट परत मागा. मशीन ताब्यात घेताना नुसतं चालू करून दाखवलेलं पुरत नाही. पाच-दहा मिनिटं गवतावर चालवा, गरम असतानाच बंद करून पुन्हा सुरू करा. कॉइल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमजोर असेल तर ते तिथेच कळतं.