अणुभट्टीचे भाग कापायला कोणतं यंत्र? कुपवाडच्या वर्कशॉपमधून केलेली तुलना

सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन मुलं गेल्या महिन्यात कुपवाडला वर्कशॉपवर आली. "काका, अणुभट्टीचे जुने भाग कापायचं यंत्र करायचंय. साधं आणि सुरक्षित. प्लाझ्मा घेऊ, वॉटरजेट घेऊ की करवत?" वहीत तिन्हींचे कापण्याचे वेग तक्त्यात मांडलेले होते. मी म्हटलं, "वेगाचा रकाना शेवटी न्या. त्याआधी दोन रकाने आखा: कापल्यावर मागे काय उरतं, आणि पातं अडकलं तर सोडवायचं कसं."

हा दुसरा रकाना मी साखर कारखान्याच्या कामात शिकलो. हंगाम संपल्यावर ज्यूस हीटरच्या स्टेनलेस नळ्या कापत होतो, पातं नळीत चेपलं. आत सरपटत गेलो आणि छिन्नी-हातोड्याने दहा मिनिटांत मोकळं केलं. अणुभट्टीत ती दहा मिनिटं मिळत नाहीत. न्यूट्रॉनचा मारा खाल्लेल्या पोलादात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ तयार झालेला असतो आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं आहे. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची कामगाराच्या अंगावर येणाऱ्या किरणांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गाभ्यातले, म्हणजे इंधन असतं त्या जागेतले, भाग म्हणूनच पाण्याखाली ठेवून, वरून लांब दांड्यांनी कापतात. पाणी किरणं अडवतं आणि धूळही धरून ठेवतं.

हे काम परदेशातलंच आहे असं समजू नका. तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट्स १९६९ पासूनची आहेत, तुर्भ्याची सायरस ही संशोधन भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. चालू राहणाऱ्या भट्टीतही कापाकापी असते. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या दुसऱ्या युनिटमधल्या ३०६ कूलंट चॅनलच्या (इंधन आणि ते थंड ठेवणारं पाणी ज्यातून जातं त्या) नळ्या १९९० च्या दशकात बदलल्या, तेव्हा जुन्या आधी काढाव्याच लागल्या.

आता एकेक पद्धत. गॅस कटर लगेच बाद. साध्या पोलादाला तो चालतो, पण स्टेनलेसमध्ये क्रोमियमचं ऑक्साइड चिवट साय धरतं आणि काप पुढे सरकत नाही. गाभ्यातले भाग बहुतेक स्टेनलेसचेच.

प्लाझ्मा म्हणजे विजेच्या ठिणगीने तापवलेल्या वायूचा झोत, धातू वितळवून कापणारा. त्याला मान द्यायलाच हवा. जपानची जेपीडीआर ही छोटी भट्टी १९८६ ते १९९६ या काळात उतरवली, तिचे आतले भाग पाण्याखाली प्लाझ्माने कापले. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या युनिटमध्ये, १९७९ च्या अपघातानंतर, गाभ्याखालचा आधाराचा सांगाडाही प्लाझ्मानेच तोडला. टॉर्च हलका असतो आणि जॉबवर जोर येत नाही, त्यामुळे पकड साधी चालते. पण धातू वितळून अतिबारीक कण होतात. बुडबुडे ते घेऊन वर येतात, पाणी गढूळ होतं आणि कॅमेऱ्याला काही दिसेनासं होतं. पाण्याचे फिल्टर आणि हवेचे फिल्टर अशी दोन्ही यंत्रणा उभारावी लागते. नोझल आणि इलेक्ट्रोड झिजले की दर वेळी टॉर्च वर काढा. यंत्र लहान दिसतं, त्याच्या मागचा पसारा मोठा असतो.

वॉटरजेट मुलांचा लाडका होता. उष्णता नाही, ठिणगी नाही, कुठलाही धातू कापतो. जर्मनीच्या व्युर्गासेनमध्ये वाळूमिश्रित पाण्याच्या झोताने भट्टीचं पात्रसुद्धा कापलं. मी एकच हिशोब मांडायला लावला. मिनिटाला अर्धा किलो गार्नेट, म्हणजे झोतातली कापणारी वाळू, धरा, तासाला ३० किलो. वर्कशॉपमध्ये तो गाळ आपण टाकीतून उपसतो आणि विसरतो. इथे तो सगळा किरणोत्सारी कचरा. गोळा करा, गाळा, पिंपात भरा, वर्षानुवर्षं सांभाळा. नव्हता तो कचरा आपणच तयार केला. कमी करायला निघालो आणि भर घातली, हे माझ्या मनाला पटत नाही.

करवत हळू चालते. बँड सॉ असो की गोल करवत, जॉब घट्ट धरावा लागतो, यंत्राचा सांगाडा जड होतो. पण तिचा कीस जाड आणि वजनदार असतो. तो खाली बसतो, ट्रेमध्ये किंवा पाण्यातल्या व्हॅक्यूमने गोळा होतो आणि पाणी स्वच्छ राहतं. स्पेनच्या होसे काब्रेरा केंद्रात आतले भाग पाण्याखाली याच यांत्रिक पद्धतीने कापले. एक गोष्ट मात्र हातानेच शिकावी लागते. ३०४ या नेहमीच्या जातीच्या स्टेनलेसवर दात नुसते घासत राहिले तर तो भाग कडक होतो, तिथे चकाकी येते आणि मग पुढचं पातंही त्याच जागी मार खातं. वेग कमी, फीड (पातं पुढे सरकवणं) ठाम. दात आत घुसला पाहिजे, कीस गुंडाळून बाहेर आला पाहिजे. दुसरी गोष्ट जिवाची आहे: भट्टीतल्या झिर्कोनियम धातूच्या नळ्यांचा बारीक कीस हवेत पेट घेतो. तिथे ग्राइंडर नको म्हणजे नकोच.

अशा पातळ नळ्यांना शिअर उत्तम. हायड्रॉलिक जबडा मिटला, नळी तुटली. कीस जवळजवळ शून्य. टोक चपटं होतं, पण नळी भंगारातच जाणार असेल तर हरकत नाही. तेलाऐवजी पाण्यावर चालणारा सिलिंडर घ्या, म्हणजे सील गेलं तरी टाकीत तवंग नको.

डायमंड वायर, म्हणजे हिऱ्याचे मणी ओवलेली कापायची तार, जाड काँक्रीटसाठी आणि अवजड तुकड्यांसाठी, तिथे तिला तोड नाही. लेसरने इंग्लंडमध्ये विनफ्रिथच्या ड्रॅगन भट्टीवर काम केलंय, सापासारख्या लवचिक हाताच्या टोकाला बसवून. आपल्या खिशाबाहेरचं आहे.

मुलांना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो: लहान वर्कशॉप किंवा विद्यार्थ्यांचा गट असेल तर पातळ नळ्यांना शिअर आणि जाड पाइपला दोन अर्ध्या कड्यांचा, पाइपभोवती फिरणारा कटर. प्लाझ्मा आणि वॉटरजेट मोठ्या कंपन्यांसाठी सोडा. आणि खरं डोकं पात्यापेक्षा बाकीच्या भागांवर चालवा. हवेचा दाब गेला की स्प्रिंगने टूल आपोआप मागे यावं. मोटर हवेवर चालणारी, कारण इलेक्ट्रॉनिक्स किरणांत टिकत नाही. पण वापरलेली हवा नळीने वर आणा, नाहीतर प्लाझ्मासारखे बुडबुडे उठतील. सगळे बोल्ट एकाच मापाचे, म्हणजे लांब दांड्याचा एकच पाना पुरेल, आणि सैल झाले तरी जागेवरच अडकून राहणारे. टाकीत पडलेला एक बोल्ट शोधायला दिवस जातो. बाहेरून गुळगुळीत, कुठे खाच नको, आंधळं (आरपार नसलेलं) भोक नको. धुतलं की कण निघून गेले पाहिजेत.

मुलांनी ड्रॉइंगमध्ये चेकर्ड, म्हणजे बारीक चौकटीच्या खाचांची, मूठ काढून आणली होती, पकड चांगली येते म्हणून. मी ती खोडून टाकली. तिच्या प्रत्येक चिरेत कण बसतो.

खऱ्या भट्टीजवळ आपलं काही लगेच जात नाही. तिथे आधी हुबेहूब नमुन्यावर चाचण्या आणि नियामकाची परवानगी. आपली चाचणी शेतातल्या विहिरीत. मिरजेच्या रस्त्याला आमची आहे, सध्या सहा मीटर पाणी. तळाशी ३०४ चा पाइप बांधून ठेवलाय. रविवारी दोघं कठड्याशी उभं राहून जीआय पाइपच्या दांड्याने कटर खाली सोडणार, निम्म्या कापात पातं मुद्दाम अडकवणार आणि हवा बंद करणार. टूल मागे आलं नाही, तर सोमवारी ड्रॉइंग पुन्हा टेबलावर.