नोकरी गेल्यावरचा ईएसआय भत्ता आणि स्टँडजवळचं ऑनलाइन सेंटर : ५ पैकी ३ स्टार

जळगावात स्टँडजवळ झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर एक ऑनलाइन सेंटर आहे, नाव टाकत नाही, तिथे पीक विम्यापासून जात पडताळणीपर्यंत सगळं भरून मिळतं. मी पुण्यात कॉल सेंटरला होतो, प्रोसेस (म्हणजे ज्या क्लायंटचे कॉल घ्यायचो ते काम) बंद झाली न अख्खी बॅच घरी, म्हणून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा, म्हणजे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जाणाऱ्याची नोकरी गेली की मिळणाऱ्या भत्त्याचा, क्लेम टाकायला गेलो. कॉल सेंटर, मॉल, सिक्युरिटी असल्या कामावरून परत आलेल्या पोरांनी हे वाचाच, कारण आपल्याकडे सगळ्यांना वाटतं हा भत्ता फक्त कंपनीत मशीनवर उभं राहणाऱ्याला.

तसं काही नाहीये भो. पगार २१,००० पर्यंत आणि स्लिपवर ईएसआय कापला जात असेल तर तुम्ही लेथ चालवत होते का हेडफोन लावून बसले होते हे कोणी विचारत नाही. माझे १५,००० वर ११३ रुपये कापायचे, तेव्हा लई जीवावर यायचं. दोन वर्षं विमा असलेली नोकरी पाहिजे, नोकरी जायच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचं योगदान, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत परत ७८. मिळतं रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मं, जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे माझ्या पगाराला साधारण २२,०००, आणि तेही आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी क्लेम टाकता येतो. योजनेला मुदतवाढ देत देत चालवतात, त्यामुळे चालू आहे का ते आधी बघून घ्या.

आमचा ट्रेनर सांगायचा की अमेरिकेत काम परदेशात गेल्यामुळे नोकरी गेलेल्यांना वेगळी मदत होती, १९७४ च्या व्यापार कायद्यातली, ट्रेनिंगचा खर्च न वरून भत्ता. पण तिथे अडायचं ते हेच, तुम्ही वस्तू बनवता का? कॉल सेंटरवाला काय बनवतो, म्हणून नामंजूर. २००९ ला सर्व्हिसवाल्यांना आत घेतलं, मग मुदत संपली की बाहेर, परत आत, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा बाहेर. २०२२ च्या जुलैपासून तर नवीन अर्ज मंजूर करणंच बंद, कारखानेवाल्यांचे सुद्धा. त्यांची कामं ज्या खुर्च्यांवर आली त्यातल्याच एका खुर्चीवर मी बसायचो, आता तीही गेली, हसावं का रडावं कळत नाही.

तर सेंटर. मालक गोड बोलतो, "टेन्शन नको घेऊ भाऊ, होऊन जाईल", आणि लगेच स्टॅम्प पेपरवर अॅफिडेव्हिट करायला सांगतो न त्याचे ५०० वेगळे. देऊ नका. अॅफिडेव्हिटची अट २०२० च्या नोव्हेंबरमध्येच काढून टाकली आहे, आधार आणि बँकेचे डिटेल स्कॅन करून टाकले की झालं. मी हे बोललो तर म्हणे आमच्याकडे सगळे करतात.

तीन स्टार आहेत ते कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताईमुळे. तिने फॉर्म भरायच्या आधीच विचारलं, "दादा, तुम्हाला काढलं ना? मग कंपनीने इथे स्वतःहून सोडली असं का टाकलंय?" हीच खरी मेख. स्वतःहून नोकरी सोडली, गैरवर्तनासाठी काढलं किंवा रिटायर झाले, तर भत्ता नाही. आणि आमच्या एचआरने तर सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले होते, म्हणे एक्सपिरियन्स लेटर हवं असेल तर. ताईने तिथेच बसून एचआरला मेल लिहून दिला, प्रोसेस बंद झाल्याचं कंपनीचंच सर्क्युलर जोडलं, कारण बदलून घ्या मग क्लेम टाकू म्हणाली, त्याचे पैसेही घेतले नाहीत. कारण बदललं, क्लेम गेला, पैसे अजून यायचेत.

जाल तर रिलीव्हिंग लेटर न शेवटच्या स्लिपा घेऊन जा, आणि दुपारी जा, तेव्हा मालक जेवायला गेलेला असतो.