साइटची मालकी गूगल-बिंगकडे सिद्ध केल्यानंतरचे आठ-नऊ महिने

सर्च इंजिनकडे मालकी सिद्ध केली म्हणून साइट निकालांत वर चढत नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगते, कारण हीच अपेक्षा ठेवून बरेच जण व्हेरिफिकेशन करतात आणि महिनाभरात त्याचा नाद सोडून देतात. गूगलचंही म्हणणं हेच आहे: मालकी सिद्ध केल्याने रँकिंगवर परिणाम होत नाही, आणि न करताही साइट शोधात येऊ शकते. तरीही, स्वतःची साइट असलेल्या प्रत्येकाने हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावं, असं माझं ठाम मत आहे. साइट दिसत नसेल तर ती का दिसत नाही हे त्याशिवाय नीट कळत नाही, आणि कारण कळल्याशिवाय केलेले बदल म्हणजे अंधारात मारलेले तीर.

माझी साइट सायकलच्या देखभाल-दुरुस्तीची आहे. मराठीत शे-दीडशे लेख आहेत: पंक्चर, ब्रेक, गिअर, चेन असे रोजचे विषय. साइट एका व्यावसायिकाकडून बनवून घेतली होती आणि गूगल सर्च कन्सोलचं (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं साधन) सगळं त्याच्याच खात्यात होतं. काम संपल्यावर मी अ‍ॅक्सेस मागितला, तेव्हा आधी चालढकल झाली आणि मग उत्तरंच बंद झाली. ज्यांची साइट दुसऱ्या कुणी बांधली आहे त्यांतल्या अनेकांची हीच गत असते. म्हणून आधी त्याविषयी.

सर्च कन्सोलवर मालक होण्यासाठी आधीच्या मालकाची परवानगी लागत नाही. साइटवर किंवा डोमेनवर तुमचा ताबा आहे एवढंच दाखवावं लागतं. त्याच्या पद्धती अनेक आहेत: गूगलने दिलेली छोटी एचटीएमएल फाइल साइटच्या मूळ फोल्डरमध्ये टाकणं, मुख्यपानाच्या हेड भागात मेटा टॅग घालणं, अ‍ॅनालिटिक्स किंवा टॅग मॅनेजर आधीपासून असेल तर त्याच्या आधारे, आणि डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचं नाव आणि सर्व्हर यांची सांगड घालणाऱ्या यंत्रणेत, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची छोटी नोंद) घालणं. मी डीएनएसची पद्धत घेतली आणि तिचीच शिफारस करीन. फाइल होस्टिंग बदलताना राहून जाते. टॅग थीम बदलली की उडतो. डीएनएसचा रेकॉर्ड साइटच्या आत काहीही उलथापालथ झाली तरी जागच्या जागी असतो. शिवाय ‘डोमेन प्रॉपर्टी’ (सर्च कन्सोलमध्ये अख्ख्या डोमेनची एकच नोंद) हवी असेल तर डीएनएसला पर्यायच नाही. २०१९मध्ये आलेल्या या प्रकारात एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह, त्याशिवाय आणि सगळी सबडोमेन, असं सारं एकाच ठिकाणी दिसतं. ‘यूआरएल प्रीफिक्स’ प्रकारात यातली प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र प्रॉपर्टी धरली जाते आणि आकडे विखुरतात.

रेकॉर्ड घालणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, पण घोडं पेंड खातं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे रेकॉर्ड कुठे घालायचा. डोमेन एकीकडे विकत घेतलेलं असतं आणि त्याचे नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड जगाला सांगणारे सर्व्हर) होस्टिंगकडे वळवलेले असतात. अशा वेळी डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये कितीही रेकॉर्ड घाला, जगाला ते दिसत नाहीत. नेमसर्व्हर ज्यांचे आहेत त्यांच्याकडेच रेकॉर्ड घालावा लागतो. दुसरी अडचण होस्ट किंवा नेम या रकान्याची. मुख्य डोमेनसाठी तिथे बहुतेक ठिकाणी नुसतं @ द्यायचं असतं, काही ठिकाणी रकाना रिकामा ठेवायचा असतो. पूर्ण डोमेनचं नाव लिहिलं तर काही पॅनेल त्यापुढे स्वतःहून पुन्हा डोमेन जोडतात, आणि रेकॉर्ड भलत्याच नावाखाली जाऊन बसतो. व्हॅल्यूच्या रकान्यात ‘गूगल-साइट-व्हेरिफिकेशन’ने सुरू होणारी पूर्ण ओळ जशीच्या तशी चिकटवायची. मग व्हेरिफायचं बटण पुन्हा पुन्हा दाबत बसण्यापेक्षा कमांड लाइनवर एनएसलुकअप (डीएनएसचे रेकॉर्ड दाखवणारी आज्ञा) चालवून टीएक्सटी रेकॉर्ड बाहेर दिसतोय का ते बघावं. दिसत नसेल तर थांबावं. कधी काही मिनिटांत होतं, कधी दोन-तीन दिवसही लागतात.

मालक झाल्यावर मी पहिल्यांदा सेटिंग्जमधली वापरकर्त्यांची यादी उघडली. आधीचा व्यावसायिक तिथे अजून मालक होताच. त्याला यादीतून काढणं एवढं पुरेसं नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्याची फाइल किंवा त्याचा टॅग साइटवर तसाच राहिला तर तो पुन्हा केव्हाही मालकी सिद्ध करू शकतो. मूळ फोल्डरमधली त्याची फाइल शोधून काढली, तेव्हाच ते प्रकरण खऱ्या अर्थाने मिटलं. साइट हॅक झालेल्यांनाही माझा हाच सल्ला आहे, कारण हॅकर कधीकधी स्वतःची फाइल टाकून सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून शिरतात. नवा मालक जोडला गेला की आधीच्या मालकांना ईमेल येतो. तो ईमेल न उघडता कधीच डिलीट करू नका.

आणि मालकी एकदा सिद्ध केली की कायमची, असंही नाही. गूगल अधूनमधून तपासणी करतं. खूण सापडली नाही तर थोडी मुदत देऊन अ‍ॅक्सेस काढून घेतं. म्हणून हिरवी खूण दिसल्यावर रेकॉर्ड ‘आता काय गरज’ म्हणून पुसू नका. मी डीएनएसबरोबर मेटा टॅगही ठेवला आहे. एक गेला तरी दुसऱ्यावर निभावतं.

आता प्रत्यक्ष उपयोगाचं. इतक्या महिन्यांत मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये. कुठल्या शोधावर साइट किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या जागी होती, हे सगळं तिथे मिळतं, तेही मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं. एक उदाहरण देते. चेनवरचा माझा एक लेख मोठा, चित्रांसह, मेहनतीने लिहिलेला. शीर्षक होतं ‘सायकलच्या ड्राइव्हट्रेनची देखभाल’. रिपोर्टमध्ये पान निवडून त्याखालच्या क्वेरी (लोकांनी टाइप केलेले शोध) पाहिल्या, तर लोक विचारत होते: ‘सायकलची चेन सारखी पडते’, ‘सायकल चेन उतरते उपाय’, ‘चेन आवाज करते’. ड्राइव्हट्रेन हा शब्द त्या यादीत औषधालाही नव्हता. इम्प्रेशन (निकालांत दिसण्याच्या वेळा) भरपूर, क्लिक नगण्य आणि सरासरी जागा दुसऱ्या पानाच्या आसपास. लेखात उत्तर होतं, पण अगदी शेवटच्या परिच्छेदात. मी शीर्षक बदलून ‘सायकलची चेन सारखी पडते? कारणं आणि उपाय’ असं केलं, डिरेल्युअरचे (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) स्क्रू कसे जुळवायचे तो भाग वर आणला, आणि आवाजाविषयी वेगळा लेख लिहिला. काही आठवड्यांत तो लेख पहिल्या पानावर आला आणि आज साइटवर सर्वाधिक वाचक त्याच पानावरून येतात. हा बदल व्हेरिफिकेशनने केला नाही, पण व्हेरिफिकेशनशिवाय मला तो सुचला नसता.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या रिपोर्टमध्ये आणखी एक खजिना आहे. एकाच प्रश्नासाठी लोक देवनागरीतही टाइप करतात, रोमन लिपीतही, आणि अर्धं इंग्रजी अर्धं मराठी असंही. सगळ्या तऱ्हा तिथे समोर येतात. मी क्वेरीच्या फिल्टरमध्ये रोमन स्पेलिंग घालून वेगळी यादी काढते आणि कुठला विषय अजून सुटलाय ते त्यावरून ठरवते. मात्र दोन मर्यादा आहेत. पडद्यावर जास्तीत जास्त १,००० ओळीच दिसतात. आणि फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात, त्यामुळे क्वेरींची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. ही बेरीज जुळत नाही म्हणून काळजी करू नका.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे पेजेसचा इंडेक्सिंग रिपोर्ट. किती पानं गूगलच्या इंडेक्समध्ये (शोधासाठी साठवून ठेवलेल्या पानांच्या संग्रहात) आहेत, किती नाहीत आणि का नाहीत, हे तो सांगतो. पहिल्यांदा उघडल्यावर धडकी भरते, कारण ‘इंडेक्स नाही’चा आकडा हमखास मोठा असतो. घाबरू नका. त्यात रीडायरेक्ट झालेली (नव्या पत्त्याकडे वळवलेली) जुनी पानं, मुद्दाम नोइंडेक्स ठेवलेली (इंडेक्समध्ये घेऊ नका अशी खूण असलेली) पानं आणि योग्य कॅनॉनिकल (मुख्य आवृत्ती कुठली ते सांगणारी खूण) असलेल्या पर्यायी आवृत्त्याही मोजलेल्या असतात. ते सगळं ठीकच आहे. लक्ष द्यायचं ते दोन कारणांकडे. ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता माहीत आहे, पण गूगलने पान अजून वाचलेलं नाही. ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे वाचलं, पण ठेवून घेतलं नाही. माझ्याकडे दुसऱ्या प्रकारात टॅगची पानं (एकेका विषयाच्या लेखांची यादी दाखवणारी) आणि चार-पाच ओळींचे जुने लेख गोळा झाले होते. एकेका टॅगखाली एकच लेख, मग त्या पानात वेगळं असं काय असणार? टॅगची पानं नोइंडेक्स केली, तुटपुंजे लेख एकत्र करून नीट वाढवले आणि जुन्या पत्त्यांवरून रीडायरेक्ट दिलं. त्यानंतर या यादीतली जवळपास सगळी कामाची पानं इंडेक्समध्ये गेली.

यूआरएल इन्स्पेक्शनबद्दल (एकेका पानाची स्थिती तपासण्याची सोय) एक सावधगिरीची सूचना. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबणं म्हणजे विनंती, हमी नव्हे. तिला रोजची मर्यादा आहे, आणि एकाच पानासाठी पुन्हा पुन्हा विनंती केल्याने काम लवकर होत नाही. मी ते फक्त नव्या किंवा बऱ्याच बदललेल्या लेखासाठी वापरते. बाकी पानांसाठी साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची फाइल) पुरे. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी एवढी मुभा असते, त्यामुळे माझ्यासारख्या साइटला एकच फाइल पुरते. त्यात शेवटच्या बदलाची तारीख मात्र खरी असावी. प्रायॉरिटीच्या आकड्यांकडे गूगल बघतही नाही, तेव्हा त्यावर डोकं शिणवू नका.

बिंगचं काम त्यामानाने चुटकीसरशी होतं. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून थेट इम्पोर्टची सोय आहे. मालकी आणि साइटमॅप एकदमच येतात. वेगळं करायचं असेल तर एक्सएमएल फाइल, मेटा टॅग किंवा सीनेम रेकॉर्ड (डीएनएसमधलीच एक नोंद) चालतो. बिंगला किती लोक वापरतात, असं म्हणून ते टाळू नका. याहूचे निकाल बिंगकडून येतात आणि डकडकगोचेही मोठ्या प्रमाणात तिथूनच. मला बिंगचं सर्वांत आवडलेलं म्हणजे इंडेक्सनाउ. बिंग आणि यांडेक्स या रशियन सर्च इंजिनने ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू केलेली ही पद्धत आहे. लेख प्रसिद्ध झाला किंवा बदलला की साइटच सर्च इंजिनला कळवते. त्यासाठी एक ‘की’ (ओळख पटवणारी अक्षर-अंकांची मालिका) बनवून तिची टेक्स्ट फाइल साइटवर ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा ताबा सिद्ध करण्याचाच प्रकार. प्लगइनने हे आपोआप होतं. माझे नवे लेख बिंगवर बहुतेक वेळा त्याच दिवशी दिसू लागले. गूगल यात सामील नाही, तिथे वाट बघावीच लागते.

कोअर वेब व्हायटल्सचा (पान किती लवकर आणि नीट उघडतं त्याचा) रिपोर्ट मी महिन्यातून एकदा बघते. माझ्यासारख्या कमी वाचकांच्या साइटला त्यात पुरेशी माहितीच नाही असं बरेच दिवस दिसत होतं. मोठ्या साइटना त्याचा जास्त उपयोग असावा.

नापसंत गोष्टीही आहेत. आकडे बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवस मागे असतात. ‘व्हॅलिडेट फिक्स’ दाबल्यावर निकाल यायला आठवडे जातात. सर्च कन्सोलमधली कारणांची भाषा रुक्ष आहे, आणि नवख्याला ‘नोटीस’ आणि ‘दोष’ यांतला फरक तिथे पटकन कळत नाही. याचाच फायदा घेऊन ‘तुमची साइट सर्च इंजिनमध्ये नोंदलेली नाही, आम्ही नोंदवून देतो’ असे ईमेल येत राहतात. साइट मालकांनो, यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. ही दोन्ही साधनं मोफत आहेत, आणि तुमची पानं इंडेक्समध्ये आहेत की नाहीत हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.

कुणाकडून काम करून घ्यायचंच असेल तर प्रॉपर्टी आधी तुमच्या खात्यात बनवा आणि त्या व्यक्तीला ‘फुल युजर’ म्हणून जोडा, मालक म्हणून नको. नुसते आकडे बघायचे असतील तर ‘रिस्ट्रिक्टेड’ पुरतं. काम संपलं की त्याच दिवशी यादीतून काढा. आणि दर तीन-चार महिन्यांनी परफॉर्मन्सचे आकडे एक्स्पोर्ट करून जपून ठेवा, कारण १६ महिन्यांपलीकडचं तिथे काही राहत नाही.