अंदमानचं दोघांसाठीचं पॅकेज : ग्वाल्हेरहून जाणाऱ्यांसाठी

अंदमानला जाऊन आल्यापासून दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाईकं औषधं घेता घेता एकच विचारतात, "काकू, पॅकेज कसं होतं? आम्ही घ्यावं का?" म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते. घ्यावं, नक्की घ्यावं. फक्त कार्यक्रम जसा छापून हातात देतात, तसा घेऊ नये.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं औषधांचं दुकान आहे. जानेवारी म्हणजे आमचा खोकल्याच्या बाटल्यांचा आणि इन्हेलरचा सीझन, त्यामुळे या महिन्यात दोघांनी मिळून बाहेर पडायचा विचारही कधी केला नव्हता. यंदा पुतण्या म्हणाला, "काकू, दुकान मी बघतो, तुम्ही काकांना घेऊन जा." यांना दमा आहे. पहाटे पारा चार-पाचवर आला आणि कोहरा उतरला की यांची छाती वाजायला लागते, मग रजईत बसून रात्र काढायची. डॉक्टरही दर वर्षी म्हणायचे, थोडे दिवस उबेच्या ठिकाणी जा.

पॅकेज इथल्याच एका ट्रॅव्हलवाल्याकडून घेतलं. त्यांचं एक काम फार चांगलं होतं. दिल्लीची गाडी कोहऱ्यात उशिरा पोचणार हे धरून त्यांनी विमानाच्या आदल्या रात्री दिल्लीत मुक्काम ठेवला होता. गाडी खरंच कित्येक तास रखडली, पण आमच्या जिवाला घोर लागला नाही. जानेवारीत ग्वाल्हेरहून निघताना कुणी त्याच दिवशीचं विमान देत असेल तर सरळ नाही म्हणा.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालंय, पण बोलताना सगळे जुनंच नाव घेतात. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि मी म्हटलं, "अहो, आता तरी स्वेटर काढा." हिवाळ्यातही तिथे दुपारी अठ्ठावीस-तीस डिग्री असतं आणि हवेत ओल असते. पहिल्याच रात्री हे पंखा लावून सकाळपर्यंत गाढ झोपले. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

आता छापील कार्यक्रमातली खोट. आपलं घड्याळ ज्या रेखांशावर चालतं, तो साडेब्याऐंशी अंशांचा, मिर्झापूरजवळून जातो. ग्वाल्हेर त्याच्या पश्चिमेला आणि अंदमान पार पूर्वेला. घड्याळ एकच, पण तिथला सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर पुढे चालतो. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. आणि आमच्या कागदावर काय? "दुपारी आराम, चहानंतर राधानगर बीच." स्वराज द्वीपवरचा, म्हणजे जुन्या हॅवलॉकवरचा हा किनारा. 2004 मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, 2020 मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅग मिळाला. एवढ्या नावाजलेल्या जागी आम्ही पोचलो तेव्हा जेमतेम अर्धा तास उजेड उरला होता. पाय भिजवतो न भिजवतो तोच जीवरक्षकांच्या शिट्ट्या सुरू झाल्या.

मी ड्रायव्हरदादांना विनंती केली आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याआधीच परत गेलो. वाळू बारीक आणि पांढरी, पिठासारखी. मागे उंचच उंच झाडांचं दाट जंगल अगदी वाळूपर्यंत आलेलं. माणसं तुरळक. हे गुडघाभर पाण्यात उभे राहून दीर्घ श्वास घेत होते आणि मला हाक मारून म्हणाले, "ऐक, शिट्टी वाजत नाहीये." छातीची. इतक्या वर्षांत जानेवारीच्या सकाळी हे मी पहिल्यांदा ऐकलं. किनाऱ्याच्या एका टोकाला खाडीसारखं शांत पाणी आहे. तिकडे मगरींच्या इशाऱ्याचा फलक आहे, तो मनावर घ्या.

एलिफंट बीचला स्पीडबोटीने नेतात आणि तिथे स्नॉर्केलिंग असतं, म्हणजे मास्क लावून पाण्याखालचं बघायचं. यांना पोहता येत नाही, मला थोडंफार येतं. तिथला मुलगा दोघांना एका रिंगला धरायला लावून हळूहळू ओढत नेतो, त्यामुळे पोहण्याची गरज पडत नाही. मास्क लावण्याआधी केस नीट मागे घ्या. काचेच्या रबराखाली एक जरी केस राहिला तरी पाणी आत येतं. मिशीवाल्यांना हाच त्रास होतो, यांनाही झाला. मुलाने वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावलं आणि काम झालं. पाण्याखाली बरंच प्रवाळ पांढरं, मेलेलं दिसतं. 2010 मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, तसं नंतरही होत राहिलंय. ते बघून जीव हळहळतो. पण मध्येच जिवंत पट्टा येतो, जांभळा आणि पिवळा, आणि त्यावर हिरवे-निळे पॅरटफिश चोचीसारख्या तोंडाने प्रवाळ कुरतडत असतात. तो कट-कट आवाज पाण्यात अगदी स्पष्ट ऐकू येतो. माशाच्या खाण्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

बेटांमधल्या फेरीबोटींबद्दल औषधांची दुकानदार म्हणून बोलते. खाजगी कॅटामरान, म्हणजे जोड सांगाड्याच्या वेगवान बोटी, दीडेक तासात पोचवतात, पण त्या बंदिस्त आणि एसी असतात. लाट आली की आत बसलेल्यांना मळमळतं, कारण काचेतून क्षितिज धड दिसत नाही. सरकारी फेरीला वेळ जास्त लागतो, पण डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो. उलटीचा त्रास असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. ज्यांना रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांनी ती गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

शहीद द्वीपला, म्हणजे नीलला, पॅकेजवाले फक्त दिवसभराची चक्कर देतात. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. आम्ही आधीच भांडून तिथला मुक्काम वाढवून घेतला होता. लहानसं, सपाट बेट. सायकलवरही फिरता येतं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथे वसवली गेली, त्यांनी शेती केली आणि आजही अंदमानला भाजीपाला पुरवणारं बेट म्हणून नीलचं नाव आहे. आमच्या होमस्टेच्या बंगाली मावशी परसातून वांगी काढून आणायच्या आणि भातासोबत मोहरीच्या तेलात परतून वाढायच्या. मी मासे खाते, हे खात नाहीत. दोघांचंही पोट छान भरलं. शाकाहारी ग्वाल्हेरकरांनी उगाच घाबरून ठेपले-चिवडा भरून नेऊ नये.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीलाच जाता येतं. आमच्या कागदावर वेळ भर भरतीची होती. मावशींनीच गावातल्या वाटाड्याला विचारून सकाळची वेळ बदलून घेतली. त्या मुलाने खडकातल्या डबक्यांतून समुद्रकाकड्या आणि खेकडे दाखवले, हात मात्र लावू दिला नाही. शंख आणि प्रवाळ उचलून आणू नका, विमानतळावर सामान तपासतात आणि तो गुन्हा आहे. रोख पैसे जवळ ठेवा, नीलला मोबाइलचं नेटवर्क कधी असतं, कधी नसतं.

सेल्युलर जेलला पॅकेजमध्ये तासभर दिला होता. मराठी माणसासाठी हे फारच कमी आहे. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या कोठड्यांच्या सात ओळींपैकी आज तीनच उभ्या आहेत. आवारातच गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. तिसऱ्या मजल्यावर टोकाची सावरकरांची कोठडी आहे. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, तरी कित्येक दिवस एकमेकांना पत्ता नव्हता. प्रत्येक ओळीच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या ओळीची पाठ येते, त्यामुळे कैद्याला कैदी दिसत नसे. हे चित्रात नीट कळत नाही, तिथे दाराशी उभं राहिल्यावर कळतं. खाली तेलाचा घाणा ठेवलाय. त्याला जुंपलेल्या माणसाला दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावं लागे. आपल्या ग्वाल्हेरच्या फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. राणी जून 1858 मध्ये लढताना पडली, आणि सत्तावनच्या उठावातल्या कैद्यांना घेऊन पहिलं जहाज त्याच वर्षी मार्चमध्ये अंदमानला पोचलं होतं. आम्ही दोघं जेलमध्ये बराच वेळ बसलो, गाडीवाल्याचे फोन येत होते तरी उठलो नाही. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रमही बघा, तिकीट आधी काढा.

हॉटेलं स्वच्छ होती, गाड्या वेळेवर आल्या, फेरीची तिकिटं कुठेही अडली नाहीत, त्यामुळे व्यवस्थेला मी पूर्ण गुण देईन. पैसे देण्याआधी मात्र ट्रॅव्हलवाल्यासमोर बसून नीलचा मुक्काम, राधानगरची सकाळची वेळ, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि जेलसाठी अर्धा दिवस लिहून घ्या. नाताळ ते एक जानेवारी टाळा, तेव्हा दर चढे असतात आणि गर्दी फार, संक्रांतीनंतर जा. दम्याचे पेशंट असाल तर पंप हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पायाला चावतात, खाजवलं तर पिकतं. कॅलामाइन लोशनची बाटली आणि ओआरएसची पाकिटं इथूनच घेऊन जा, बेटावर दुकानं लवकर बंद होतात.