आठ महिने 'कीपर'सोबत: कापलेला एक स्टार परत देतोय

हॅलोवीन या जर्मन बँडच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज, पार्ट टू' या अल्बमची सीडी घेऊन आठ महिने झाले. अल्बम कसला आहे हे पॉवर मेटल, म्हणजे वेगवान आणि सुरेल हेवी मेटल, ऐकणाऱ्याला सांगायची गरज नाही. पहिल्या महिन्यात मी चार स्टार दिले होते आणि पाचवा बेस गिटारच्या पातळ आवाजासाठी कापला होता. तो आज परत देतोय, कारण चूक अल्बमची नव्हती.

यातल्या 'ईगल फ्लाय फ्री' गाण्याच्या मधल्या भागात प्रत्येक वाजवणाऱ्याला आपली अशी जागा मिळते. गिटारींना मिळते, ड्रमला मिळते, आणि मोजून काही सेकंद मार्कुस ग्रोसकॉफचा बेस एकटा पुढे येतो. मी हे गाणं अकरावीपासून मोबाईलवर ऐकतोय आणि तो बेस मला कायम पत्र्यावर शेंगा ओतल्यासारखा वाटायचा. नुसती टकटक, खाली वजन काही नाही. म्हटलं, मोबाईलवर कुठला बेस यायला? म्हणून पुण्याहून मित्राकरवी जुनी सीडी मागवली. साडेसहाशे रुपये. हुतात्मा एक्स्प्रेसने त्याने आणली, कव्हरच्या कोपऱ्याला तडा होता, पण चकती स्वच्छ होती. वडिलांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर लावली, दोन मोठे लाकडी स्पीकर, आणि तरी तीच टकटक! साडेसहाशे रुपये घालून मोबाईलसारखाच आवाज येणार असेल तर माणूस स्टार कापणारच.

आवाजाच्या बाबतीत मी उगाच कटकट करत नाही. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खाली टॉवेलचे सहा माग, वर आम्ही. धोट्याचा ठोका जरा बसका आला की जेवताना कळतं, धोटा फेकणारा पिकर झिजलाय. असे कान घेऊन 'ईगल' ऐकायला बसलो की ड्रमर इंगो श्विश्टेनबर्गचे दोन्ही पाय ऐकू येतात, आणि त्या पायांखाली जी जमीन हवी तीच नाही हे सारखं टोचतं.

मार्चमध्ये डावा स्पीकर मुका झाला. ॲम्प्लिफायर नवी पेठेतल्या एका दुकानात दिला. अकरा दिवस चकरा मारल्या. मग म्हणाले, आयसी, म्हणजे आतली चिप, गेलाय, बावीसशे होतील. मी म्हटलं, गेलेला आयसी दाखवा. दाखवला नाही. वर तपासणीचे दीडशे घेतले आणि मागचा एक स्क्रू गायब करून डबा परत दिला. त्या दीडशे रुपयांचा राग अजून गेलेला नाही.

तीन आठवडे एकाच स्पीकरवर काढले. आणि इथेच गंमत झाली. एका बाजूची गिटार जवळजवळ गेली होती, आवाज अर्धा झाला होता, पण बेस आला. चांगला भरलेला, जाड, एकेक सूर वेगळा. मला वाटलं भास आहे. माग बंद असायच्या दिवशी दुपारी दारं-खिडक्या लावून तेच काही सेकंद मी पंधरा-वीस वेळा ऐकले. घामाच्या धारा लागल्या होत्या, आई बाहेरून विचारत होती, "अरे, पंखा तरी लाव की." पंख्याचा आवाज नको होता मला.

शेवटी आमच्या जॉबर काकांना वर बोलावलं. काका माग दुरुस्त करतात, पण रेडिओ, मिक्सर काहीही उघडतात. ॲम्प्लिफायरचं झाकण काढलं तर आत बोटभर जाडीचं सुताचं तूस! पांढरं, गुलाबी, गादीसारखं बसलेलं. "काय बे, ह्यात टॉवेल विणत होतास का?" काकांनी ब्रशने तूस काढलं, डाव्या बाजूचा सुटलेला टाका झाळून दिला. खर्च शून्य. दोन्ही स्पीकर सुरू झाले, मी लगेच 'ईगल' लावलं आणि बेस पुन्हा गायब.

माझं तोंड पडलेलं बघून काका स्पीकरच्या मागे गेले. डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या जागी होती आणि काळी लाल जागी. घर रंगवलं तेव्हा कुणीतरी घाईत जोडली असणार. म्हणजे उजव्या स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा डाव्याचा मागे जायचा. बेस दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे खोलीत एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घ्यायचा. एक स्पीकर बंद पडला तेव्हा बेस का आला, ते आत्ता कळलं. वायरी बदलल्या. ग्रोसकॉफ आला तो थेट छातीत. काकांना इंग्रजी गाण्यांशी देणंघेणं नाही, पण ते म्हणाले, "हा खालचा माणूस लई नीट वाजवतोय."

तेव्हापासून मतं बदलत चालली आहेत. 'डॉ. स्टाइन' मी पोरकट म्हणून पुढे ढकलायचो. आता ढकलत नाही, त्याची चाल बेसवर उभी आहे. 'राइज अँड फॉल' मात्र अजूनही आवडत नाही. गायक मिखाएल किस्के बँडमध्ये आला तेव्हा अठरा वर्षांचा होता, हा अल्बम 1988चा, म्हणजे इथे विशीचा. तो वरच्या पट्टीत इतक्या सहज जातो की आधी मला सगळं गाणं वरच तरंगतंय असं वाटायचं. खालचा मजलाच ऐकू येत नव्हता, दुसरं काय वाटणार? गिटारवादक काई हान्सनने लिहिलेल्या 'मार्च ऑफ टाइम'मध्ये तर आता माझा श्वास अडकतो.

आणि इंगो. तो 1995 मध्ये वारला. 2017 च्या दौऱ्यात किस्के आणि हान्सन बँडमध्ये परत आले, तेव्हा पडद्यावर इंगोचा जुना सोलो लावून आताचा ड्रमर डॅनी लोब्ले त्याच्याबरोबर वाजवायचा. तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहवला नाही. सीडीवर मात्र इंगो रोज संध्याकाळी जिवंत असतो, आणि ग्रोसकॉफ त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालत असतो. हे दोघं एकत्र कसे चालतात हेच मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

एक अडचण राहिली आहे. शेवटचं, साडेतेरा मिनिटांचं शीर्षकगीत दहाव्या मिनिटाच्या आसपास कधीकधी अडकतं. सीडी दुसरीकडे लावून पाहिली, तिथे नीट वाजते, म्हणजे आमच्या प्लेअरच्या लेन्सवर तूस असणार. रविवारी काका येणार आहेत. प्लेअरवर आता आईने शिवलेलं कापडी झाकण असतं.

ज्यांच्याकडे जुना सेट आहे आणि हा अल्बम पातळ वाटतो, त्यांनी स्टार कापण्याआधी स्पीकरमागच्या वायरी बघा. पहिला भाग, 1987 चा, मलाही सीडीवरच हवाय. मित्राला सांगून ठेवलंय, पाचशेच्या आत मिळाला तर घे.