अटल सेतू : प्रवास सुखाचा, हिशेब अर्धाच

शिवडी ते न्हावाशेवा हा 21.8 किलोमीटरचा सागरी सेतू 13 जानेवारी 2024 रोजी वाहतुकीला खुला झाला. प्रवास खरोखरच सुखाचा आहे : गाडी संथ, सपाट धावते आणि ओहोटीच्या वेळी शिवडीच्या चिखलात, हंगाम असेल तर, रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतात. प्रकल्पाला कर्ज देणारी जपानी संस्था जायका आपल्या प्रकल्पांचे मूल्यमापन काम संपल्यानंतरही करते; वाहनसंख्येचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवण्याचा हा शिरस्ता आपल्या शासनानेही प्रत्येक मोठ्या रस्त्यासाठी पाळायला हवा. मोटारीला एकेरी टोल 250 रुपये, दुचाकी आणि रिक्षांना तर प्रवेशच नाही. तेव्हा वाचलेल्या वेळेचे मोल मांडताना तो वेळ नेमका कोणाचा वाचला, हेही त्यात लिहावे.