कॅनोनेट क्यूएल १७ जी ३: सांगलीत बरेच महिने वापरल्यानंतर

जुना रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायचा, आत आरसा नसलेला फिल्मचा कॅमेरा) घेताना बहुतेक जण आधी लेन्स बघतात. माझं म्हणणं, आधी सेल काढून शटर चालतंय का ते बघा. कॅननच्या १९७२ च्या या कॅनोनेटला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनतच नाही. पण इथे सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी आहे, शटर पूर्ण यांत्रिक. याशिका इलेक्ट्रो ३५ ची लेन्सही याच्यासारखी १.७ चीच (आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत), पण सेल संपला की त्याचं शटर एकट्या १/५०० वर चालतं. ऑलिंपस ३५ आरसी आणखी आटोपशीर आणि सेलशिवाय चालणारा, मात्र लेन्स २.८ ची.

मला हा फरक मार्केट यार्डात कळतो. हळदीचे सौदे चालू असतात आणि शेडच्या आत उजेड बेताचाच. आयएसओ ४०० चा रोल, ॲपर्चर १.७, स्पीड १/३०, एवढ्यावर भागतं. आत आरसा आपटत नाही, आवाज जेमतेम टिक् एवढा. सौद्यात रंगलेला माणूस वळूनही बघत नाही. असे चेहरे मला दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्याने मिळाले नाहीत.

घेताना मागचं झाकण उघडा, स्पीड १/४, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि उजेडाकडे धरून शटर दाबा. पाती फटकन उघडून फटकन मिटायला हवीत. रेंगाळत मिटली तर त्यांना तेल चढलंय. कपाटात पडून राहिलेल्या कॅनोनेटचं हे नेहमीचं दुखणं. लांबचा विकणारा असेल तर याचाच व्हिडिओ मागवा. फोकस मी आयर्विन पुलावर तपासला: रिंग अनंतावर नेली की पलीकडच्या टोकाचा खांब व्ह्यूफाइंडरमधल्या पिवळसर चौकोनात एकच दिसला पाहिजे.

मागच्या झाकणाचे, उजेड अडवणारे फोमचे सील नवे आहेत असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, पहिल्याच रोलवर नारिंगी पट्टे आले. जुना फोम बोटाला डांबरासारखा चिकटत होता. तो स्पिरिटने खरवडून काळ्या मखमलीच्या बारीक पट्ट्या लावल्या, तेव्हापासून रोल स्वच्छ येतात.

मीटरला कर्णयंत्राचा ६७५ नंबरचा सेल चालतो, १.४ व्होल्टचा, आकाराने लहान, म्हणून भोवती रबरी वॉशर. ॲपर्चर स्वतः लावायच्या मॅन्युअलवर मीटर बंदच होतो, ही मात्र खरी उणीव. तेव्हा अंदाजाने, कडक उन्हात २०० च्या रोलला ॲपर्चर १६, स्पीड १/२५० धरतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत असतो आणि अधूनमधून बाहेर काढून सगळे स्पीड रिकामेच चालवतो.